आतलं दिसण्याचा दोष

कार्यालयाच्या गाडीने सोमवारी सकाळी साडेदहा वाजता कार्यालयाच्याच फाटकाच्या खांबाला धडक दिली. खांब त्या वेळी जागेवरच होता, असं पहारेकऱ्याने लेखी दिलं आहे. गाडीचा डावा दिवा फुटला, खांबाचा टवका उडाला आणि अपघाताची टिपणी लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाहन विभागाच्या टिपण्या एकोणीस वर्षं मीच लिहितो. माझ्या टिपण्यांमध्ये चुका होतात. त्या कोणी करत नाही.

गाडीचे चालक म्हणजे आमचे मामा. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून गाडीला ओरखडाही पडला नव्हता. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि पुढे एका शाळेने त्यांना बस चालवायला बोलावलं होतं. शाळेची अट एकच, निर्दोष सेवेचं प्रमाणपत्र. मामांची नात त्याच शाळेत शिकते आणि आता बस आपले आजोबा चालवणार, हे तिने वर्गात सांगूनही टाकलं होतं.

साहेबांनी तोंडी कळवलं की मामांचा डोळा लागला असावा. मामांचं म्हणणं, गाडी साहेब चालवत होते आणि आपण शेजारी बसलो होतो. हे शक्यच नव्हतं. नियम चौदाप्रमाणे अधिकाऱ्याने कार्यालयाची गाडी चालवायची नाही, आणि नियम असताना ती चालवली जाईलच कशी? दर सोमवारी साहेबांना स्टिअरिंग हातात घ्यायची हौस येते, हे आम्हा अडतीस जणांना ठाऊक होतं. पण ते ठाऊक असल्याची कुठल्याच नोंदवहीत नोंद नव्हती.

"गाडीत कॅमेरा आहे ना," मामा शांतपणे म्हणाले. "बघा की."

सभागृहात सगळ्यांनी मिळून पाहिलं. पडद्यावर ना रस्ता दिसत होता, ना फाटक, ना खांब. पुढच्या काचेवर ऊन पडलं होतं आणि त्या काचेत गाडीच्या आतलंच प्रतिबिंब उमटलं होतं. डॅशबोर्ड, त्यावरचं पिवळं फडकं आणि स्टिअरिंगवर दोन हात. बाह्या पांढऱ्या, इस्त्रीच्या. एका मनगटावर लाल पट्ट्याचं घड्याळ. ते घड्याळ साहेबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्हीच दिलं होतं, आणि पट्टा मी निवडला होता.

जो तो छताकडे बघत होता. शेवटी साहेबच म्हणाले, "हे आतलं का दिसतंय?"

आम्ही सगळे सुटलो. हात कोणाचे, हा प्रश्न नाजूक होता. हात का दिसतात, हा प्रश्न तांत्रिक होता, आणि तांत्रिक प्रश्नाला आमच्याकडे फाईल उघडता येते.

कॅमेरा दुरुस्त करणारा आला. त्याने समजावून सांगितलं की भिंगावर एक पोलरायझिंग फिल्टर असतो. काचेवर पडलेलं आतलं प्रतिबिंब तो अडवतो, म्हणजे बाहेरचं स्वच्छ दिसतं. त्याने काच पुसली, भिंग पुसलं, डॅशबोर्डवर काळं कापड अंथरलं, फिल्टरचं कडं फिरवून त्यावरचा पांढरा ठिपका बरोबर वर आणला. गाडीने आवारात एक फेरी मारली आणि ठिपका खाली घसरला.

"कडं सैल आहे. फिल्टर सदोष आहे," तो म्हणाला. "म्हणून आतलं दिसतंय."

साहेबांनी हे वाक्य त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्या वेळी मी लिहून घेतलं.

मग तपासणी समिती नेमली गेली. अपघाताच्या वेळी साहेब स्वतः गाडीत असल्यामुळे त्यांना विषयाची जाण होती, म्हणून अध्यक्ष तेच. सदस्य सचिव मी. समितीने शास्त्रशुद्ध पद्धतीने अकरा कर्मचाऱ्यांना एकेक करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसवलं. प्रतिबिंबात लाल पट्टा एकदाही आला नाही. मी नोंद केली, "दोष कायमस्वरूपी नसून अधूनमधून उद्भवतो." बारावे मामा बसले. खाकी बाह्या आल्या, मनगट उघडं. "चालक बसला असता दोष आढळला नाही."

गुरुवारी साहेब स्वतः बसून पाहायला आले. पट्टा लखलखीत दिसला, अगदी टाके मोजावेत इतका. "दोष पुन्हा उद्भवला."

दुरुस्तीवाल्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या मनगटाकडे. तो काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या कामाच्या कागदावर साहेबांची सही व्हायची होती. "इतका दोष सहसा नसतो," एवढंच तो म्हणाला.

दाराशी उभे असलेले मामा म्हणाले, "साहेब बसले की येतोय तो दोष."

चालक तांत्रिक बाबींत ढवळाढवळ करतो, अशी वेगळी नोंद घ्यावी लागली.

नवा फिल्टर बसला. आता सगळं आरशासारखं स्वच्छ. फाटक दिसलं, खांब दिसला, खांबाचा उडालेला टवकाही दिसला. आतलं काही म्हणजे काही दिसेना. समितीने निष्कर्ष काढला की जुनं चित्रण सदोष उपकरणाचं असल्याने विचारात घेता येत नाही. नव्या चित्रणात खांब इतका ठळक दिसतो की स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला तो दिसायलाच हवा होता, आणि स्टिअरिंगवर बसण्यासाठी कार्यालयाने नेमलेला माणूस एकच आहे. मामांच्या प्रमाणपत्रात "निर्दोष" खोडून "समाधानकारक" लिहिलं गेलं. अक्षर माझं.

निवृत्तीच्या दिवशी मामा गाडीची किल्ली जमा करायला माझ्या टेबलापाशी आले. शाळेने कळवलं होतं, नाही जमणार. नातीला अजून सांगायचं होतं.

"तो पट्टा तुम्हीच निवडला होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चांगला होता," ते म्हणाले, आणि किल्ली मिळाल्याच्या पावतीसाठी थांबून राहिले.

मला लाज वाटली. खरंच वाटली. पण लाजेसाठी आमच्याकडे विहित नमुना नाही, म्हणून पावती लिहिली.

सदोष फिल्टर नियमाप्रमाणे माझ्यासमोर फोडून नष्ट करण्यात आला. अहवाल सगळ्या कर्मचाऱ्यांकडे फिरला आणि "वाचले" या शब्दासमोर सगळ्यांच्या सह्या झाल्या. शेवटची ओळ रिकामी आहे, म्हणून प्रत तुमच्याकडे पाठवली. एव्हाना तुम्हांला साहेब दिसले असतील, समिती दिसली असेल, मी तर चांगलाच दिसलो असेन. या सगळ्यात तुम्ही स्वतः कुठे दिसला नाहीत ना?

मग काळजी नाही. तुमचा फिल्टर नीट बसलाय. इथे सही करा.