पाहुण्यांसकट लोकसंख्या

पवनारपासून दोन कोसांवरच्या एका गावाची लोकसंख्या वर्षभरात तीनशे बाराची सहाशे चोवीस झाली. याला जबाबदार पंचफुलाबाई. पाणी योजनेसाठी माणसं मोजायला किशोर साहेब आले, नेमकं त्याच दिवशी तिच्या काजलचं लग्न होतं.

"मावशी, घरात माणसं किती?"

"मांडवात बसला तो घरचाच, साहेब. पाहुण्याले परका म्हणते का कोणी? लिहा सारे!"

साहेबांनी सारे लिहिले, बुंदी खाल्ली आणि कार्यालयात जाऊन आकडे घातांकी वाढीच्या सूत्रात घातले. दरवर्षी दुप्पट, योजना तीस वर्षांची. संगणक म्हणाला, सदुसष्ट हजार कोटी. अख्ख्या पृथ्वीवर माणसं आठशे कोटी, मग बाकीची येणार कुठून, असं एका कारकुनानं भीत भीत विचारलं. वरून शेरा आला : "स्थलांतर गृहीत धरावे."

इकडे गावची एकुलती एक हापशी बंद. पंचफुलाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी अर्ध्या कोसावरून घागरी आणत होती. शेवटी तिनं कार्यालय गाठलं.

"साहेब, टाकी राहू द्या. तेवढी हापशी दुरुस्त करून द्या."

"नियमानं एक हापशी अडीचशे माणसांना, मावशी. सदुसष्ट हजार कोटींना कशी पुरेल?"

"ते तर अजून जन्मलेच नाई! मी जित्ती आहो ना इथं!"

"सध्याची माणसं हा फक्त आरंभबिंदू असतो."

"मंग माह्यंच चुकलं. पाहुणे सोडून फिरून मोजा."

पुढच्या साली फेरमोजणी ठरली. त्या दिवशी बाईनं गावात लग्न सोडा, साधं बारसंही होऊ दिलं नाही. मोजून तीनशे बारा भरले. तिला हायसं वाटलं.

साहेबांनी पुन्हा तेच सूत्र लावलं. वर्षात गाव निम्मं झालं, म्हणजे तीस वर्षांनी एका माणसाच्या नखाचा कपटा उरणार. जिथं माणूसच उरणार नाही तिथं हापशी कशाला, असा ठराव ग्रामसभेपुढे आला.

"अन् आज कोण पाणी पिऊन राह्यलं?" पंचफुलाबाई कडाडली.

"चूप वो बाई," सरपंच रूपराव म्हणाले, "हिसाब संगणकातून आला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईला रडूच कोसळलं. पदरानं डोळे पुसत तिनं घागर उचलली.

आता तुम्ही म्हणाल, काय बाई अडाणी गाव! बरं, ते दुप्पट-दुप्पट तुम्ही तरी कागदावर करून पाहिलंत का? की छापून आलंय म्हटल्यावर नुसती मान डोलावत इथवर आलात?