मंजूर नकाशाप्रमाणे डायव्हर्टर

ताथवड्याच्या एका सोसायटीत राहणाऱ्या ज्ञानेशच्या आईला, सगुणाबाईंना, आपल्या हातानं आंघोळ करायची होती. मागणी एवढीच. गावी कुरुळीच्या घरी घसरून त्यांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. बादलीत तांब्या बुडवणं संपलं. दवाखान्यात परक्या बाईकडून अंग पुसून घ्यावं लागलं, ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"तुझ्याकडं येते," त्या म्हणाल्या, "पन दार लावून माझी मी आंगूळ करनार. सुनंम्होरं उघडं बसायचं न्हाई मला."

"करतो सोय, आई."

सोय सोपी होती. खुर्चीवर बसायचं आणि हातातला शॉवर अंगावर धरायचा. त्यासाठी बाथरूमच्या भिंतीत डायव्हर्टर बसवायचा, म्हणजे पाणी गरम की गार, वरच्या शॉवरला की खाली हातातल्याला, हे ठरवणारा खटका. अर्ध्या दिवसाचं काम. पण ज्ञानेश चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता, आणि सोसायटीतली निम्मी मंडळी कुठल्या ना कुठल्या कंपनीत क्वालिटीलाच होती. अशा वस्तीत भिंतीला छिन्नी लागण्याआधी पुष्कळ काही लागतं.

"भिंत तुमची असेल, पण बदल सोसायटीचा आहे," अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले. ते निवृत्त प्लांट हेड. घरी आमटीत मीठ वाढवायचं तरी ते आधी ट्रायल घेत. "नकाशा द्या. कमिटी मंजूर करेल. मग हवं ते करा."

ज्ञानेशनं नकाशा काढला, आणि काय सुरेख काढला! गरम पाण्याची रेघ लाल, गार पाण्याची निळी, मधोमध डायव्हर्टर. त्यानं तो टेबलावर ठेवला. समोर बसलेल्या अण्णासाहेबांनी तिथूनच मोबाइलवर फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यांच्या बाजूनं नकाशा उलटा होता, तो तसाच उलटा गेला. अक्षरंसुद्धा उलटी होती. पण अंगठा द्यायला अक्षरं वाचावी लागत नाहीत. भराभर अंगठे पडले. एकानं 'स्तुत्य उपक्रम' लिहिलं, एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. ज्ञानेश तोवर कंपनीच्या बसमध्ये बसून पेंगत होता. डोळा उघडल्यावर त्यानंही अंगठा दिला.

रविवारी प्लंबर सोनूनं भिंत फोडली. सोसायटीच्या सेक्रेटरी सुमनताई देखरेखीला दारात उभ्या राहिल्या. सोनूनं त्यांच्या मोबाइलवरचा फोटो पाहिला, डायव्हर्टर फिरवला आणि फोटोत होता तसा बसवला. ज्ञानेश चहा घेऊन आला आणि दचकला.

"अरे भावा, उलटा बसलाय हा!"

"फोटोत असाच हाय की, राव."

"फोटोच उलटा आहे!"

सुमनताईंनी चष्मा सारखा केला. "मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही, तेवढं सांगा."

"आहे. पण खाली मागितलं तर पाणी वरून येईल. आणि गरम मागितलं तर गार."

"ते वापराचं झालं. आपण आत्ता बसवण्याबद्दल बोलतोय. आता फिरवलात तर तो नवा बदल. नवा बदल पुढच्या महिन्याच्या मीटिंगला."

आई उद्या येणार होती. शिवाय खरं सांगायचं तर ज्ञानेशला सुमनताईंचं म्हणणं पटलं. त्यांच्या जागी तो असता तर अक्षरन् अक्षर हेच बोलला असता. चूक मंजूर असली की ती चूक राहत नाही, हे तो कंपनीत नव्या पोरांना शिकवत असे. त्यानं मान हलवली. सोनूनं टाइल लावून भिंत बंद केली, सुमनताईंनी सांध्यावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांनी मिळून फिनिशिंगचं कौतुक केलं.

सगुणाबाई आल्या. हौसेनं आत गेल्या, दाराला आतून कडी घातली, खुर्चीवर टेकल्या आणि खटका खाली केला. पुढच्याच क्षणी अख्ख्या मजल्याला त्यांचा आवाज ऐकू गेला.

"अगं आई गं! आरं ज्ञाना, मेले रं! डोस्क्यावर बर्फ पडला न्हवं!"

कडी निघेपर्यंत त्या कुडकुडून निळ्या पडल्या होत्या. ज्ञानेशच्या बायकोनं, तेजलनं त्यांना चादरीत गुंडाळून बाहेर आणलं. ज्ञानेश तसाच कमिटीकडे धावला.

कमिटीनं प्रकरण गांभीर्यानं घेतलं. मूळ कारण शोधायला बैठक बसली. पाणी वरून का आलं? खटका खाली केला म्हणून. खटका खाली का केला? पाणी खाली हवं होतं म्हणून. खाली पाणी हवं तर खटका वर करायचा, हे त्यांना माहीत का नव्हतं? कुणी शिकवलं नाही म्हणून. सापडलं! वापरणाऱ्याला ट्रेनिंग नाही.

दुसऱ्या दिवशी सुमनताई स्टिकर घेऊन हजर. लाल म्हणजे गार, निळं म्हणजे गरम, वर म्हणजे खाली.

"आजी, आता तुम्ही म्हणून दाखवा बरं."

"बाई, मी सहा लेकरं न्हाऊ घातली," सगुणाबाई म्हणाल्या. "मला आंगूळ शिकवतीस व्हय?"

ट्रेनिंग अपुरं राहिल्याचा शेरा पडला. भिंत पुन्हा फोडावी असं ज्ञानेशला दोन-तीनदा वाटलं. पण फोडायची तर नकाशा चुकला म्हणावं लागणार, आणि नकाशाला पहिल्या दिवशी त्याचाही अंगठा होता. एवढ्यात अण्णासाहेबांनी जाहीर केलं, की मंजुरीपासून जराही न ढळलेलं हे सोसायटीतलं पहिलंच काम आहे. खाली हॉलमध्ये ज्ञानेशच्या गळ्यात हार पडला. त्याच वेळी वर तेजल सासूच्या पाठीवर तांब्यानं पाणी ओतत होती. सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. त्या रडत होत्या, आणि तेजलला ते कळत होतं.

पुढच्या सोमवारी ज्ञानेश नेहमीसारखा फर्स्ट शिफ्टला गेला. त्याच्या सहीशिवाय तिथून एक खोकं बाहेर पडत नाही. त्यांची कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे व्हॉल्व्ह बनवते. सगळे मंजूर ड्रॉइंगप्रमाणे. तुमची गाडी कुठली म्हणालात?