सबनीस काकांच्या घरी चाळीस डिग्री

सबनीस काका कुठल्याही वस्तूला आधी बोटाची पाठ लावून बघतात. चहाचा कप, स्कूटरची सीट, कलिंगड, एकदा तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं टक्कल. तो बिचारा मे महिन्याच्या उन्हातून आला होता. बोट लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "निवू दे जरा."

हे "निवू दे जरा" सगळ्याला चालतं. पार्किंगवरून भांडण झालं, निवू दे जरा. माझ्या नवऱ्याला बॉसने झापलं, निवू दे जरा. मी मुळात तापट बाई, चहासुद्धा उकळता पिणारी. "काका, निवलेल्या चहापेक्षा काढा परवडला," असं मी म्हटलं की काकू पलीकडच्या वेताच्या खुर्चीतून हसायच्या.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळी नोकरी काढून हे दोघं दिल्लीतल्याच द्वारकेला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलगा गुरुग्रामला. गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. मुलगा न्यायला आला तेव्हा काका म्हणाले, "मी एकदम फर्स्ट क्लास आहे. तू तुझं ऑफिस बघ." आणि खरंच, आठवड्याभरात खाली बागेत उतरून माळ्याच्या पाइपाला बोट लावायला लागले. माणूस सावरला हो, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. फक्त काकूंच्या खुर्चीत कुणी बसायला गेलं की म्हणायचे, "तिथे नको, ऊन येतं." पडदे कायम ओढलेले. कुठलं डोंबलाचं ऊन!

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ईशाने शाळांच्या विज्ञान स्पर्धेसाठी तापमान आणि ह्युमिडिटी मोजणारा सेन्सर बनवायला घेतला. बोटभर लांबीचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटासा कॉम्प्युटरच, त्याला तीन वायरींनी जोडलेला पांढऱ्या जाळीचा सेन्सर, आणि सगळं माझ्या साबणाच्या रिकाम्या डबीत. खोली फार तापली की आमच्या फोनवर अलार्म वाजणार. विषय काय, तर 'एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी उष्णतेची सूचना'.

"वृद्ध कोण?" काकांनी विचारलं.

"तुम्ही," ईशा म्हणाली. दिल्लीत वाढलेलं पोर, आडपडदा नाही.

"बिल्कुल नाही. आणि हे काम माझं बोट करतं, वीज न खाता." पण डबी ठेवायला जागा त्यांनीच दिली. प्लगजवळचं स्टूल, दोन खुर्च्यांच्या मधलं. वर डबीला बोट लावून पाहिलं. "ठीक आहे."

दुसऱ्याच दिवशी दुपारी चारला माझा फोन बोंबलायला लागला. काकांच्या घरी चाळीस डिग्री! मी घरून काम करत होते, मीटिंग चालू होती. तशीच उठले, ओला टॉवेल आणि लिंबू-सरबताची बाटली घेऊन धावले. बेल वाजवली. काकांनी दार अर्धवट उघडलं. आतून एसीची गार झुळूक आली.

"काका, ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या लेकीचं मशीन तापट आहे. आईवर गेलंय," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मग हे रोजचंच झालं. चार वाजले की चाळीस डिग्री, पाचपर्यंत पुन्हा नॉर्मल. ईशाने सेन्सर बदलला, प्रोग्राम दोनदा नव्याने लिहिला. आलेखावर रोज तेच टेंगूळ. "मम्मा, ह्युमिडिटी पण वाढते यार. जैसे कोई भाप दे रहा है!" शाळेतल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, असा आलेख परीक्षकांपुढे नेऊ नकोस, दुसरा विषय घे. पोरगी उशीत तोंड खुपसून रडली. माझं डोकंच फिरलं. ठरवलं, आज चारच्या आधी जाऊन तिथेच बसायचं.

गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, काका स्वयंपाकघरात होते. मी दाराजवळच्या दिवाणावर बसले. काका दोन कप घेऊन बाहेर आले. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. एक कप स्वतःच्या खुर्चीच्या हातावर ठेवला, दुसरा स्टुलावर, डबीला अगदी चिकटून. त्या कपाला बोटाची पाठ लावली. आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "निवू दे जरा. मग घे."

माझ्या हातातला फोन बोंबलला.

काकांनी वळून पाहिलं. इतका ओशाळलेला माणूस मी कधी पाहिला नाही.

"तिला गरम चालायचं नाही गं," ते म्हणाले. "पहिल्यापासून. मी बोट लावून सांगायचो, मगच प्यायची. हात थांबतच नाही माझा, दोन कप होतात." मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे पोरीचं मशीन माझ्यामुळे... अगं, सांगायचं नाहीस का! उद्यापासून नाही ठेवणार."

दुसऱ्या दिवशी चार वाजले. मी फोन समोर घेऊन बसले. सव्वाचार. साडेचार. काही नाही. "मम्मा, परफेक्ट!" ईशा नाचत आली. आलेखाची रेघ एकदम सपाट. ती रेघ बघून मला भडभडून आलं. पोरीला वाटलं आनंदाने.

मी समोर गेले. काका एकच कप घेऊन बसले होते.

"आली ना रेघ नीट?"

"आली काका."

"शाबास. बक्षीस मिळायला हवं तिला." बोलता बोलता त्यांचा हात स्टुलाकडे गेला. रोज कप असायचा त्या जागी बोटाची पाठ टेकली, आणि तशीच राहिली.

मी उठले. प्लग काढला, डबी उचलली आणि पार पलीकडच्या भिंतीजवळ, दुसऱ्या प्लगला लावली. काका बघत राहिले. मी सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि गॅसवर आधण ठेवलं.

"काका," मी आतूनच विचारलं, "काकूंना साखर किती?"



"दीड चमचा," ते बाहेरून म्हणाले. "आणि लगेच आणू नकोस हं."