टिटव्यांचे वकील

आमच्या गावात लोक देवळात शिरताना चपला काढतात. भिकूकाका सड्यावर चढताना काढायचे. एप्रिलचा कातळ तव्यासारखा तापलेला, आणि हे गृहस्थ चपला काखेत मारून टुणटुण उड्या मारत निघालेले. कारण विचारलं की म्हणायचे, "चपला असल्या की मानूस खाली बगत नाय. टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते मेल्या, तुज्या बापाच्या माडीवर नाय!"

भिकूकाका आमच्या ग्रामदेवाचे गुरव आणि माझे शेजारी. देवाची पूजा पाच मिनिटांत उरकायची आणि मग दिवसभर सड्यावर. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा मैलभर सपाट जांभा दगड, त्यावर पिवळं गवत आणि मध्ये एक उथळ तळं. गावाच्या लेखी तिथे काही नव्हतं. काकांच्या लेखी ससे होते, चंडोल होते आणि टिटव्या होत्या. टिटवी ओरडली की गावातलं कोणीतरी जाणार, असं सगळे मानत. तसं कोणी नुसतं बोललं तरी काका त्याच्या अंगावर धावून जायचे. शेवटी लोकांनी त्यांचं नाव 'टिटव्यांचे वकील' ठेवलं. एका पाखराच्या अपशकुनावरून एवढं भांडण कशाला, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास मुंबईच्या आणि गल्फच्या पैशांवर घरं उठू लागली. जो तो बांधकामाला जांभ्याचे चिरे मागू लागला. एक ठेकेदार सड्यावर चिरेखाण काढायला आला. पोरांना गावातच काम मिळणार म्हणून गाव खूश. काकांचीही खाणीला ना नव्हती. "तळ्याच्या अंगाचा कातळ तेवडा सोडा, बाकीचा खना," एवढंच ते म्हणत.

"पाखरं काय, उडून जातील," ठेकेदार म्हणाला.

"पाखरं उडतील. अंडी कशी उडतील?"

लोक हसले. पण सड्याला कुदळ लावायची तर देवाचा कौल हवा, आणि पाकळ्या लावणार गुरव. तळ्याकडचा कातळ द्यायचा का, असं देवाला विचारून काकांनी मूर्तीला दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी लवकर सुटू नये म्हणून तिला त्यांनी पाणी जरा सढळ हातानेच लावलं, ते मी पाहिलं. डावी पडली.

आता देवच नको म्हणाला तर विषय संपायला हवा. पण आमचं गाव भलतंच भाविक. देव नको म्हणतो म्हणजे त्याला काहीतरी कमी पडतंय, असा अर्थ निघाला. ठेकेदाराने बोकड दिला. पुन्हा डावी. मग त्याने देवळापुढे स्लॅबचा सभामंडप कबूल केला, आणि गावकरी म्हणाले, "भिकू, या खेपेस पाकळ्या आमी लावतो." उजवी पडली. ढोल वाजले.

"देवपन स्लॅबला भुलला," काका म्हणाले आणि तीर्थाचं भांडं तिथेच ठेवून घरी गेले.

पावसाआधीच तळ्याकडचा कातळ फोडला. तळं खाणीत गेलं. अंड्यांचं काय झालं ते विचारायला कोणाला सवड नव्हती. सभामंडप मात्र झकास झालाय, त्यात पत्ते चांगले रंगतात. मला तिथे बसवत नाही.

पुढच्या मार्गशीर्षात माझ्या नातवाचं बारसं होतं. काकांना बोलवायला गेलो, तर ते धुतलेलं धोतर नेसून बाहेर पडत होते. मला वाटलं, आमच्याकडेच निघालेत.

"नाय मास्तर," ते माझी नजर चुकवत म्हणाले. "गावात कुनाचं बारसं असलं की आमी दोगं सड्यावर जायचो. तुमच्या काकीला मूल नाय, म्हनून पाळन्याजवळ तिला कोन उभं करत नसत. अपशकुनी म्हनायचे. मग ती तळ्यावर बसून टिटवीची पिल्लं बगायची. हसायचीसुदा. ती गेली, तरी मी जात होतो."

"काका, आज घरी चला. बाळाला मांडीवर घ्या," मी कसंबसं म्हटलं.

ते नको म्हणाले आणि सड्याच्या वाटेला लागले. वाटेच्या वळणापर्यंत जाऊन थांबले. वर खाणीचे ट्रक धुरळा उडवत होते. मग काका परत आले, आपल्या घरात गेले आणि आतून कडी घातली. आमच्याकडे बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती.