दुसऱ्या कडव्याला फुटलेलं अंडं

एका जंगलात भागू नावाची टिटवी होती आणि तिचं कुणी म्हणजे कुणी खरं धरत नव्हतं. हसू नका पोरांनो. तुमचं तरी कोण धरतं?

भागूची अंडी चार. टिटवीच ती, झाडावर घरटं कुठलं! कबड्डीच्या मैदानाच्या कडेला खड्यांतच घातलेली. दर सामन्याआधी जंगलाचं गाणं व्हायचं. सगळ्यांनी उभं राहायचं, छातीवर पंजा ठेवायचा, डोळे मिटायचे, अशी रीत. अस्वलाला तर पहिल्या ओळीलाच हुंदका फुटायचा. आणि गाणं संपलं, की भागूचं एक अंडं कमी.

तीन सामने झाले, तीन अंडी गेली. भागूनं पंच हत्तीला जाऊन सांगितलं, की मुंगूस खातंय.

"तुला कसं कळलं?"

"पाहिलं की."

"म्हणजे गाण्याच्या वेळी तुझे डोळे उघडे होते?"

झालं. माफी भागूलाच मागावी लागली. मुंगसाच्या मिश्यांना पिवळा बलक लागलेला होता. अस्वल म्हणालं, मनापासूनचे अश्रू असेच दाट येतात.

चौथा सामना पलीकडच्या जंगलाशी. गाणं सुरू झालं, पण भागू उठलीच नाही. अंड्यावर बसून राहिली. मुंगूस सरकत जवळ आलं, तिनं चोच उगारली, तसं मागे फिरलं. दुसऱ्या कडव्याला अंडं फुटलं. ओलं पिल्लू बाहेर आलं आणि तुरूतुरू चालायला लागलं.

सामना हरले. खेळाडू गाण्यानं इतके भरून आले होते, की डोळ्यांतल्या पाण्यात कुणाला रेषाच दिसेना.

पण असं कारण कोण मानतो? सभा भरली. मुंगूस डोळे पुसत उठलं. म्हणालं, गाणं चालू होतं आणि ते पिल्लू चालत होतं, मी स्वतः पाहिलं.

"मग ह्याचे डोळे उघडे होते का, ते विचारा की," भागू म्हणाली.

रडणाऱ्याला असं बोलतात का, म्हणून सगळे तिच्यावरच तुटून पडले. हत्तीनं पिल्लाचं नाव विचारलं. भागूनं पिल्लू पंखाखाली ओढलं. म्हणाली, सकाळी जन्मलंय, अजून ठेवलं नाही.

"मग ठेव. नावाशिवाय दोष लिहिता येत नाही."

तात्पर्य : गाणं चालू असताना चोरी खुशाल करावी, जन्माला मात्र येऊ नये. आलात, तर हरण्याचा दोष तुमच्या नावावर. जंगलात तो ज्या पिल्लावर लिहिला गेला त्याचं नाव, चिंगी भागू टिटवी.