घोरपड साक्षीला आली नाही

एका जंगलात, बाळांनो, एक ओढा होता आणि दोन न्यायालयं होती. उन्हाळ्यात ओढा आटायचा. न्यायालयं कधी आटायची नाहीत. अलीकडच्या काठावर अस्वलसाहेबांचं कोर्ट भरायचं आणि पलीकडच्या काठावर गवेसाहेबांचं.

अलीकडच्या वाळूत टिटवीबाईंनी अंडी घातली होती. ती मुंगुसाने खाल्ली. बिचाऱ्या रडत अस्वलसाहेबांकडे गेल्या.

"मी तर शाकाहारी," मुंगूस म्हणालं आणि त्याने मिशा पुसल्या.

हा प्रकार पाहणारी एकटी घोरपड होती. ती राहायची पलीकडे. खडकावर पडल्या पडल्या तिला सगळं दिसायचं. अस्वलसाहेबांनी तिच्या नावाने साक्षीचं समन्स काढलं. कावळा ते घेऊन गेला.

"मी ऊन खातेय. नाही येणार," घोरपड म्हणाली.

अस्वलसाहेब खवळले. "हा कोर्टाचा अवमान आहे!" मग त्यांनी कान खाजवला. "पण ती असं म्हणाली कुठे?"

"पलीकडे, साहेब," टिटवीबाई म्हणाल्या.

"म्हणजे अवमान पलीकडे घडला. माझी हद्द ओढ्यापर्यंत. तुम्ही गवेसाहेबांकडे जा."

टिटवीबाई उडत पलीकडे गेल्या. गवेसाहेब रवंथ करत होते.

"समन्स कोणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"अस्वलसाहेबांनी."

"मग अवमान त्यांचा झाला. माझा कुठे झालाय? मला तर अगदी बरं वाटतंय. ज्याचा अवमान, शिक्षा त्यानेच द्यायची."

टिटवीबाई अलीकडे आल्या. पुन्हा पलीकडे गेल्या. अशा खेपा घालता घालता दुसऱ्यांदा अंडी घालायची वेळ आली. घरी राखायला दुसरं कोणी नव्हतं. मुंगूस सकाळ-संध्याकाळ घरट्यावरून फेरी मारायचं. "काय वहिनी, सगळं ठीक ना?" अशी चौकशीही करायचं.

अखेर टिटवीबाईंच्या विनवण्यांना कंटाळून दोन्ही न्यायमूर्ती एकत्र बसले. अस्वलसाहेब या काठावर, गवेसाहेब त्या काठावर. मधे कोरड्या पात्रात टिटवीबाई. अवमान समन्स निघालं तिथे झाला, की मोडलं तिथे, यावर चर्चा रंगली. दोघांनी एकमेकांच्या विद्वत्तेची तारीफ केली. दुपार झाली. टिटवीबाईंचं लक्ष अंड्यांकडे लागलेलं. त्यांना राहवेना.

"अहो, तुम्हाला साधी एक घोरपड आणवत नाही!" त्या ओरडल्या. "कसली डोंबलाची न्यायालयं ही!"



"मी स्वतःच्या कानांनी ऐकलं," अस्वलसाहेब म्हणाले.

"मीही ऐकलं," गवेसाहेब म्हणाले. "आता हद्दीचा प्रश्नच उरत नाही."

जंगलाच्या इतिहासात दोन्ही न्यायालयांचं पहिल्यांदाच एकमत झालं. टिटवीबाईंना जागच्या जागी शिक्षा झाली. कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायचं.

निकाल देऊन अस्वलसाहेब दमले. त्यांना खुर्चीतच झोप लागली. कोर्ट काही उठेना.

मुंगूस आळस देत बिळाबाहेर आलं आणि वाळूच्या दिशेने निघालं. टिटवीबाई बसल्या जागेवरून किंचाळत राहिल्या. कावळ्याने "शांतता!" असं पुकारलं.

पलीकडच्या खडकावर घोरपडीने एक डोळा उघडून सगळं पाहिलं आणि ती कुशीवर वळली.

तात्पर्य: न्यायालयाचा अवमान करायची फारच इच्छा झाली, तर बाळांनो, तो घरी बसून करावा. कोर्टात जाण्याचा धोका फक्त न्याय मागणाऱ्यांनी पत्करावा.