थूलकाकांच्या गाडीतली काजळी

रोज सकाळी थूलकाका पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून आपल्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत फिरवतात आणि बाहेर काढून उन्हात धरतात. रुमाल पांढराच निघाला, की त्यांचा संशय वाढतो. "काजळी बाहेर येत नाई, म्हणजे आतच साचून राह्यली," असं मला कुंपणावरून सांगतात.

बोरगाव मेघेत आमची घरं लागून आहेत. काकांनी पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्याची पातळी मोजली. आता काजळी मोजतात. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर एक फिल्टर असतो. तो काजळी अडवतो, आणि गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळाली की तापून ती जाळतो. गावातल्या गावात फिरवली तर तुंबतो आणि समोर पिवळा दिवा लागतो. काकांचा त्या दिव्यावर काडीचा विश्वास नाही. "दिवा कंपनीचा, वर्कशॉप बी त्याह्यचं. याच्यात गोम हाय." म्हणून त्यांनी स्टिअरिंगखाली लावायचं एक यंत्र मागवलं. त्यातून फिल्टर किती टक्के भरला ते मोबाइलवर दिसतं. मग यंत्राचाही संशय आला, तेव्हा दुसरं मागवलं. दोघांचे आकडे तंतोतंत जुळले, तेव्हा दोन्ही यंत्रवाले आतून मिळालेले आहेत अशी त्यांची खात्रीच पटली.

दिवाळीनंतर मात्र मलाच काकांचा संशय येऊ लागला. महिन्यातून एकदा काजळी जाळायला जाणारे काका दर दोन दिवसांनी जाऊ लागले, तेही काकूंना घेऊन. काकूंना पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. चालणं सावरलं, पण जीभ जड झाली. डॉक्टरांनी बोलत राहा म्हणून सांगितलं, तर त्यांनी लाजेनं बोलणंच सोडलं. कोणी भेटायला गेलं की आतल्या खोलीत जात. अशा बाईला हा माणूस फिल्टरपायी कशाला हिंडवतो, याचा मला रागही येई.

एका रविवारी मला सिंदीला मावशीकडे जायचं होतं. काका म्हणाले, तिकडेच चाललोय, फाट्यावर सोडतो. मी मागे बसलो. मोबाइल काकूंच्या हातात होता. सेलू ओलांडल्यावर काकांनी विचारलं, "किती?"

काकू बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौ... चौदा."

"ऐकू नाई आलं."

"चौदा." या वेळी जरा मोठ्यानं.

चौदा टक्के म्हणजे फिल्टर जवळजवळ रिकामा. जाळायला त्यात काही नव्हतंच. आणि काकांचे कान असे, की घरात बसून गल्लीत कोणाच्या गाडीचा पट्टा वाजतो ते सांगतात. मी काही बोलणार, तोच आरशात त्यांची नजर भेटली.

"रस्ता पाहू का आकडा पाहू? मले एकट्याले जमत नाई," ते काकूंना म्हणाले. मग दर दोन मिनिटांनी विचारणं, न ऐकू येणं आणि पुन्हा विचारणं. काकूंचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. एकदा तर कोणी न विचारता त्यांनी काचेबाहेर बोट दाखवलं.

"कापूस फुटला. माह्या बाबाच्या वावरात... असाच..."

शब्द अडला. काका मदतीला धावले नाहीत. नुसती गाडी चालवत राहिले.

"...फुटे," काकू म्हणाल्या.

काकांनी पुढचा आकडा विचारला नाही. काकू बाबांच्या वावराबद्दल बोलत होत्या, तुटक तुटक, पण बोलत होत्या. सिंदीचा फाटा मागे गेला. मला उतरायचं होतं. मी सांगितलं नाही.